नगरला चालत होतं

चालत होतं हो. शपथेवर सांगतो, कुणाच्या गळ्याची म्हणाल त्याच्या गळ्याची, नगरला चालत होतं. सावेडीत, आमच्या क्लासच्या खोलीत, त्या पिवळट पडलेल्या मॉनिटरवर बटण दाबलं की बैल हजर, दात किती, शिंगं कशी, चालतो कुठल्या अंगानं, सगळं घडाघडा... आणि तेच नेऊन अमेरिकेत ठेवलं तर एक बैल जागचा हलायला तयार नाही. आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. बैल कुठून आले म्हणता? थांबा की, मधी बोलू नका, मधी बोललं की माझी लाईन तुटते, आणि लाईन तुटण्यावरनं तर सगळं रामायण झालंय.

रामायणावरनं आठवलं, माझं नाव बिभीषण. हसा, हसून घ्या, सगळेच हसतात. माझ्या पार्टनरचं नाव राधाकृष्ण. म्हणजे रामायण आणि भागवत एका खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवतंय असं समजा. विजयमालाकाकूंच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास, पोरं येतात, टायपिंग शिकतात, माऊस धरायला शिकतात, आणि सध्या नव्व्याण्णव साल चालू असल्यामुळं एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार का, एवढं विचारून घरी जातात.

त्यातच जयमाला आली. मूळची काष्टीची, कॉलेजसाठी केडगावला आत्याकडं राहायची, क्लासला यायची. आता पुढचं काय सांगायचं, तुम्हीबी तरुण होता कधीतरी. तिला मी पसंत, मला ती पसंत, आत्याला आम्ही दोघं पसंत... राहिले कोण? सहादेवतात्या. जयमालाचे वडील. अख्ख्या काष्टीच्या बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून वय सांगणारा माणूस. त्यांना जयमालानं सांगितलं, मुलगा कॉम्प्युटरमधी आहे. तर तात्या म्हणाले, "कॉम्प्युटरमधी हाय ते ठीक हाय, पर करतो काय?" आता हे काय उत्तर देण्यासारखं आहे का? जयमाला म्हणाली, प्रोग्रॅम करतो. "म्हंजी सकाळी उठून काय करतो?" प्रोग्रॅम. "आन् दुपारी?"

मग मला बोलावणं. तात्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तुम्हाला सांगतो, मी तोंड घट्ट मिटून बसलो होतो, म्हणलं न जाणो, दात बघायचे. तर ते म्हणाले, "पाव्हणं, आपला एकच नियम हाय. बसलेला बैल आपून घेत न्हाई. उठवायचा, जुंपायचा, चालवायचा, मंग बोलायचं. तुमी जे काय करताय ते माझ्या म्होरं चालवून दावा. चाललं, तर पोरगी तुमची." आणि चहा पिऊन उठले. म्हणजे माझं लग्न कुठं येऊन अडकलं बघा. पत्रिका जुळली, घर जुळलं, माणसं जुळली, आणि सगळं टांगलं गेलं प्रोग्रॅमला.

राधाकृष्ण म्हणाला, "बिभ्या, मग प्रोग्रॅम बैलाचाच कर." आणि खरंच हो, काय डोकं चाललं त्याचं. तात्यांचा सरदार नावाचा बैल होता, आहे, त्याचा जोडीदार पवळ्या गेला, आणि तेव्हापासून सरदार गोठ्यात एकटा बसून कडबा खातोय. एकट्या बैलाचा काय उपयोग? आणि जोड मिळणं म्हणजे चेष्टा आहे का? उंची सारखी पाहिजे, वय सारखं पाहिजे, चाल सारखी पाहिजे, वर एक डाव्या अंगाला चालणारा, तर दुसरा उजव्या अंगाला चालणारा पाहिजे. आपल्याकडं माणसांचं एवढं बघत नाहीत. तर आम्ही शनिवारी शनिवारी काष्टीच्या बाजारात फिरून बैलांची माहिती गोळा केली. राधाकृष्ण बैलाला भितो, म्हणून तो मालकांशी बोलायचा आणि मी बैलाला मापाची टेप धरायचो. आणि त्याचा प्रोग्रॅम केला, इंटरनेटवर चालणारा. तुमच्या बैलाची माहिती भरा, बटण दाबा, की जिल्ह्यात त्याचा जोडीदार कुठं आहे ते समोर. जामखेडचा माणूस जामखेडात बसून बघंल, शेवगावचा शेवगावात बसून बघंल.

हे सगळं लिहिलं पायथनमधी. पायथन ही कॉम्प्युटरची एक भाषा आहे, कुठल्यातरी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळाली, आपली आपण शिकलो, नगरमधी विचारायला माणूस नाही. पायथन म्हणजे अजगर, पण हे मी तात्यांना सांगितलं नाही. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याला अजगर कशाला सांगायचा.

तर एक दिवस तात्या मार्केटयार्डला आले होते ते सहज वर डोकावले, जयमाला क्लासलाच होती. म्हणलं आता आलेत तर दाखवू. दाखवलं. ओळीच्या ओळी सरकल्या पडद्यावर. तात्या खूश. "हे समदं तुमी लिवलं?" म्हणलं, हो तात्या, हातानं. तर चष्मा लावला, पार पडद्याला नाक लावलं, आणि म्हणाले, "वर श्री कुठं हाय?"

मी बघतोय जयमालाकडं, जयमाला बघतेय वर पंख्याकडं. तात्या म्हणाले, "आवं, किराण्याची यादी लिवायची झाली तरी आपून वर श्री घालतो. आन् एवढं मोठं काम, अमेरिकेला जानार, आन् बिनश्रीचं?" बरोबर आहे की त्यांचं. माझ्या आजोबांनी चिलीम कुणाला दिली ते लिहिताना पण वर श्री घातलं असंल. तर मी पहिल्या ओळीच्या वर गेलो आणि टाकलं. मराठी अक्षरं उमटवणं आम्हाला अजून जमत नाही, म्हणून इंग्रजीत एस एच आर आय, आणि दोन्ही अंगांना दोन-दोन उभ्या काठ्या, पत्रिकेवर असतात तशा. तात्यांना इंग्रजी येत नाही, पण काठ्या ओळखल्या. समाधान पावले. त्या ओळीच्या आधी मी एक जाळीसारखी खूण दिली. ती खूण दिली की पायथन ती ओळ बघून न बघितल्यासारखं करतो, म्हणजे देवाचं नावपण राहतं आणि प्रोग्रॅमलापण त्रास नाही. लगेच बटण दाबून दाखवलं. बैल हजर. बघा, म्हणजे श्री घातल्यावरसुद्धा नगरला चालत होतं.

आता अमेरिका कशाला, म्हणाल. तर असल्या कामाला असं मशीन लागतं जे दिवसरात्र चालू राहील. तुम्हाला सांगतो, सावेडीत दिवसरात्र चालू राहील अशी एकच गोष्ट आहे, काकूंचं जातायेता विचारणं, "जेवलास का रे?" लाईटचा तर भरवसा नाही. म्हणून अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मशीनमधी आम्ही भाड्यानं जागा घेतली, आपण खोली घेतो तशी. फरक एवढाच की ह्या खोलीत सामान न्यायचं टेलिफोनच्या तारेतून. आमचं मशीन पुण्याला फोन लावणार, पुण्यानं पुढं अमेरिका गाठायची, आणि त्या तारेतून आमचे बैल एक एक करून पलीकडं जाणार.

मुहूर्त तात्यांनीच काढला. सकाळीच आले, पांढरीफेक टोपी, सोबत नारळ, हार, बत्तासे. जयमाला आणि आत्या मागच्या बाकावर. तात्यांनी मॉनिटरला हार घातला, त्यामुळं अर्धा पडदा झेंडूनं झाकला. माऊसला हळदकुंकू लावलं, ते खालच्या गोळीला लागलं, गोळी चिकटली, माऊस डावीकडं जायचा बंद झाला. राधाकृष्ण म्हणाला, "काही नाही, आपण उजवीकडूनच फिरून येऊ."

फोन लावला. किर्र, खर्र, टूं... लागला. सामान जायला सुरुवात. पडद्यावर पट्टी भरत चालली, तात्या पट्टीकडं बघतायत, मी तात्यांकडं बघतोय, आता पोचणार, पोचणार... आणि पट्टी थांबली. फोन कट. का? तर खालून आवाज, "अरे बिभीषणा, फोनमधी बेडकं वरडतायत!" फोन काकूंचा हो. आम्ही वर त्याच लाईनीवर पॅरलल घेतलेला. आणि काकूंची सवय अशी की जरा मोकळ्या झाल्या की रिसिव्हर उचलून बघायचा, फोन जिवंत आहे का. त्या दिवशी त्यांच्या बहिणीचा फोन यायचा होता. मी जिन्यावरनं हात जोडले, काकू, थोडा वेळ उचलू नका. "नाही उचलत रे बाळा, तू कर तुझं." परत लावला. किर्र, खर्र, टूं. पट्टी अर्ध्यावर... "अरे, अजून बेडकंच आहेत!" म्हणलं, काकू, का उचलला? तर म्हणतात, "तुझं झालं का बघायला."

इकडं मुहूर्त टळत चाललेला. तात्या घड्याळ बघतायत, पंचांग बघतायत, चेहरा असा झालेला की जणू बैल लंगडा निघाला. तेवढ्यात राधाकृष्ण, देव त्याचं भलं करो, म्हणतो, "तात्या, मशीन अमेरिकेत आहे. तिथं अजून कालची रात्र चालूय. तिथला मुहूर्त अजून यायचाय." तात्यांनी थोडा विचार केला आणि पंचांग मिटलं. "असं व्हय. मंग सावकाश होऊ द्या."

शेवटी राधाकृष्ण खाली जाऊन काकूंच्या फोनपाशीच बसला, त्यांच्याकडून पोह्यांची कृती ऐकत, आणि वर पट्टी भरली. पोचलं. सगळे उठून उभे. तात्यांनी जमिनीवर नारळ फोडला, पाणी की-बोर्डवर उडलं, चालायचंच. तात्या म्हणाले, "दाबा." मी दाबलं.

पांढरा पडदा. वर मोठ्या अक्षरात इंग्रजी. बैल नाही, शिंग नाही, शेपूट नाही.

"काय म्हनतंय?" तात्या. आता काय सांगू? म्हणलं, तात्या, ते म्हणतंय आतल्या आत काहीतरी बिघडलंय. "पोटात?" तसंच म्हणा. "बैलाला आसं झालं की आमी गोडंतेल पाजतो. आनखी काय म्हनतंय?" म्हणलं, व्यवस्थापकाला जाऊन भेटा म्हणतंय. "मंग भेटा की. कोन हाय त्यो?" तात्या... मीच आहे. तर माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं की मला वाटलं आता मागच्या मागं नेऊन दावणीला बांधतात. मी म्हणलं, तात्या, नगरला चालत होतं. तुम्ही बघितलं, तुमच्या डोळ्यांनी बघितलं. तात्या म्हणाले, "बैल इकनारा परत्येकजन ह्येच म्हनतो. घरी चालत हुता."

पाठीमागं आत्याची कुजबुज. राधाकृष्ण पळत वर आला, म्हणाला, "बिभ्या, परवानगी दिलीस का?" कारण तिकडच्या मशीनमधी प्रत्येक फायलीला चालायची परवानगी द्यावी लागते, नुसती ठेवून चालत नाही. आत्या लगेच, "आमची परवानगी आहे बाई, मी पहिल्यापासून सांगतेय." तात्या म्हणाले, "माझी अजून न्हाई." म्हणलं, तुमची नाही तात्या, फायलीची. परवानगी दिली. दाबलं. आतल्या आत बिघडलंय. सगळ्यांना परवानगी दिली, वाचायची, लिहायची, चालायची, जिल्हाधिकाऱ्यानं दिली नसती एवढी दिली. दाबलं. आतल्या आत बिघडलंय. बैलांची फाईल परत पाठवली. काकूंनी दोनदा फोन उचलला. एव्हाना जयमाला उठून खिडकीपाशी गेली होती, पाठ करून. म्हणलं, गेलं, एका प्रोग्रॅमपायी माझं माणूस गेलं.

आणि मग मी ती फाईल उघडली, तिकडची, पार वरपासून वाचायला लागलो... आणि पहिल्याच ओळीवर थांबलो.

आता नीट ऐका, कारण ह्यातच सगळी गोम आहे. आमचं नगरचं मशीन फायलीचं आडनाव बघतं. शेवटी पी वाय असलं की समजतं, हा पायथनच्या घरचा, ह्याला पायथनकडं पाठवा. आपल्याकडचीच पद्धत, आडनाव विचारलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. अमेरिकेतलं मशीन आडनावाला भीक घालत नाही. त्याला फायलीच्या अगदी पहिल्या ओळीत पत्ता लागतो, की ही फाईल वाचायला पायथनकडं द्या, तो अमुक ठिकाणी राहतो. तो पत्ता मी घातलेला होता हो. पहिल्याच ओळीत होता. आणि आता त्याच्या वर कोण बसलं होतं? श्री. पत्ता गेला दुसऱ्या ओळीत. अमेरिकेतलं मशीन पहिली ओळ बघतंय, दोन काठ्या, एस एच आर आय, दोन काठ्या, आणि म्हणतंय, हे कुठं नेऊन द्यायचं?

बिघाड समजला, पण दुरुस्ती कशी करायची? श्री काढायचं? ज्यांनी घालायला लावलं ते माझ्या खुर्चीच्या मागं उभे, त्यांचा श्वास माझ्या मानेवर. ठेवलं तर प्रोग्रॅम चालत नाही म्हणून पोरगी नाही. काढलं तर देवाचं नाव पुसलं म्हणून पोरगी नाही. म्हणलं, गुपचूप खाली सरकवू, पत्ता वर, श्री त्याच्या खाली, एवढ्याशा ओळीचं कुणाला काय कळतंय... तर माऊस डावीकडं जाईना. मी उजवीकडनं फिरून येतोय, झेंडूच्या मागनं बाण काढतोय, कशीबशी ओळ धरली, खाली सोडली.

"काठ्या खाली का गेल्या?"

मी वळलो. म्हणलं आता खोटं बोललो तर जन्मभर बोलावं लागंल. म्हणलं, तात्या, तुम्ही पत्र लिहिता तेव्हा श्री कुठं घालता? "वर." कागदाच्या वर, पण कागद पाकिटाच्या आत असतो ना? "व्हय." आणि पाकिटावर काय असतं? "पत्ता." पाकिटावर पत्त्याच्या जागी श्री लिहून टाकलं तर पोस्टमन कुठं नेईल? म्हणलं, तात्या, ही पहिली ओळ पाकिटाची आहे. पत्र दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं. श्री पत्राच्या वरच आहे, जिथं पाहिजे तिथंच आहे.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. जयमाला खिडकीपासून वळलेली. मग म्हणाले, "आसं आदीच सांगायचं का न्हाई? मी काय आडानी हाय का?"

राधाकृष्ण न सांगता खाली पळाला. किर्र, खर्र, टूं. पट्टी भरली. दाबलं... आणि तुम्हाला सांगतो, आले. बैल आले, अमेरिकेतनं, खिल्लार, दात जुळलेले, कोशा रंगाचे, रांगेनं. मी ओरडलो, राधाकृष्ण खालनं ओरडला, काकूंनी काय झालं म्हणून फोन उचलला, फोन कट झाला, पण आता कट होऊ दे की, पान आलं होतं. जयमालानं सरदारची माहिती आधीच भरून ठेवली होती. उंची, दात, अंग उजवं. तिनं वाचून दाखवलं, "जामखेडकडचा, उंची तीच, दात तेच, डाव्या अंगाचा." तात्या मटकन खुर्चीत बसले. डोळ्यात पाणी हो माणसाच्या. "पवळ्यासारखाच," म्हणाले. तोंडात बत्तासा घातला माझ्या, स्वतःच्या हातानं.

म्हणलं, झालं. बिभीषणा, जिंकलास. आत्यानं तर डोळे पुसत साखरपुड्याच्या साडीचं काढलं. मी म्हणलं, तात्या, मग... आता... चाललं की. तात्यांनी मान हलवली. "चाललं. झ्याक चाललं. पर पाव्हणं, ते नगरला चाललं."

म्हणलं, म्हणजे?

"बाजाराच्या सपाट रस्त्यावर कुठलाबी बैल चालतो. आपून पटवून घेतो ते आपल्या रानात जुंपून. माझ्या वस्तीवर, वट्ट्यावर, भावकीच्या म्होरं चालवून दावा. त्या दिशी चाललं की दुसऱ्या दिशी साखरपुडा. शब्द हाय माझा."

आणि शब्दाचा पक्का आहे माणूस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वस्तीवर फोन नाही हो. फोन नाही म्हणजे नुसता फोन नाही असं नाही, तार नाही, खांब नाही, काष्टी सोडली की नुसता ऊस आणि मधी तात्यांची वस्ती. फोनसाठी नाव नोंदवलंय. नंबर लागंल तेव्हा लागंल. तात्या म्हणाले, "खांब येतील तवा येतील, खड्डे तर आपल्या हातात हायेत."

तेव्हापासून दर शनिवारी बाजार झाला की मी काष्टीला, हातात पहार. अमेरिकेपर्यंत पोचलेला माणूस, पण सासुरवाडीपर्यंत पोचायला खड्डा खणावा लागतोय. बांधाच्या कडेनं खड्डे चाललेत एकामागं एक. जयमाला चहा घेऊन येते, बांधावर बसते, आत डोकावून बघते आणि म्हणते, "अहो, अजून जरा खोल घ्या. खांब पडला तर परत पहिल्यापासून."

आणि मी घेतो खोल. काय करणार?